अर्धवट चावलेलं गवत

१९७० साली मराठी रंगभूमीवर रक्त निळं झालं होतं. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं, तेव्हा गर्भपाताच्या प्रसंगात साडीवर दिसणाऱ्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, हरकत घेतली. नाटकवाले वस्ताद. त्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर करून टाकलं, की मंडळाच्या म्हणण्यावरून डाग निळा दाखवतो आहोत, प्रेक्षकांनी तो लाल समजावा. प्रेक्षकांनी समजला. कदाचित जरा जास्तच लाल समजला असेल.

नाटकवाल्यांच्या गप्पांत हा किस्सा निघाला की हशा होतो. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, मंडळाने मोजलं काय? रंग मोजला. त्या नाटकातल्या घरात माणसं एकमेकांना ज्या तऱ्हेने धास्तावून असतात, ते मोजायची पट्टी मंडळाकडे नव्हती. ती आजही कुणाकडे नाही.

मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत लाल रंगाचा बाऊ बराच कमी झाला. आता पडद्यावर रक्ताचे पाट वाहतात. नायक एका दमात साठ-सत्तर माणसं कापतो आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. पुढच्या वेळी असा प्रसंग आला की नायकाकडे बघू नका, त्या साठ-सत्तरांकडे बघा. ती घाबरतात का? नाही. धावत येतात, मरतात, मागचा पुढे येतो. शेजारचा मेलेला बघूनही कुणाचा पाय अडखळत नाही, कुणी हत्यार टाकून पळत नाही, कुणाला घर आठवत नाही. त्यांना घाबरू दिलं तर शिट्टी तोंडातच अडकेल, हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक असतं.

हिंसक मरण दाखवणं आणि हिंसक मरणाची भीती दाखवणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि बहुतेक वेळा पहिलं काम दुसऱ्याच्या मुळावर येतं. किती दाखवावं, कुणाला दाखवावं, कुठे कात्री लावावी, ही आपल्याकडची सगळी चर्चा पहिल्याभोवती फिरते. दुसऱ्याकडे कुणाचं लक्षच नाही.

या बाबतीत मला सापडलेलं सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात चोख उदाहरण एका हरणाचं आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्याच अंकात दुष्यंत रथातून त्याचा पाठलाग करतोय. हरीण मान वळवून पुन्हा पुन्हा मागे रथाकडे बघतं. बाण लागेल या भीतीने त्याचं मागचं अंग पुढच्या अंगात शिरल्यासारखं आक्रसलंय. धापेने तोंड उघडं पडलंय आणि त्यातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडत चाललंय. संस्कृतात नुसतं ‘दर्भैरर्धावलीढैः’ म्हटलंय, आणि तेवढ्यात सगळं आलं. थोड्या वेळापूर्वी हे हरीण चरत होतं. त्याला एक सकाळ होती, भूक होती, तोंडात घास होता. तो घास गिळायची फुरसत त्याला मिळाली नाही.

हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्त या पंडिताने भयानक रस समजावताना हाच श्लोक हाताशी घेतला. तो म्हणतो ते थोडक्यात असं: इथे जे भय अनुभवाला येतं ते ‘मी भ्यालो’ असं नाही, ‘हा माझा शत्रू भ्याला’ असंही नाही. ते कुणाच्याच मालकीचं नाही, काळाने आणि जागेने बांधलेलं नाही. म्हणून ते थेट काळजात शिरतं. याला साधारणीकरण म्हणतात; कॉलेजात हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा उपयोग पुढे कधीतरी, मोबाइलवर एक क्लिप आली तेव्हा कळला. तिच्याकडे नंतर येतो.

आधी एक अडचण कबूल करायला हवी. तो श्लोक कोण म्हणतंय? दुष्यंतच म्हणतोय. हातात धनुष्य असलेला माणूस! हरणाच्या मानेचं वळण त्याला सुंदर दिसतं, गवत सांडलेलं त्याला दिसतं, आणि तरी तो रथ थांबवत नाही. मध्ये येऊन ‘हे आश्रमाचं हरीण आहे, मारू नका, मारू नका’ असं सांगणारा तपस्वी वेगळाच आहे. म्हणजे भीती नीट बघता आली की माणूस हत्यार खाली ठेवतो, असं कालिदासाचंही म्हणणं नाही. कला माणसाला सुधारते या प्रकारची भाषणं मी बरीच ऐकली आहेत आणि फारसा विश्वास बसलेला नाही. माझा दावा त्याहून छोटा आहे. गवत दिसलं की निदान शिकार ‘शिकार’ राहत नाही. तिला एक सकाळ चिकटते.

भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यनाश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून, सूचित कराव्यात असा दंडक आहे. आजचे संस्कृतीरक्षक हा दंडक सेन्सॉरशिपचा आजोबा म्हणून पुढे करतात. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला रंगमंचावरच मरू दिलं, हे ते सांगत नाहीत. शिवाय त्या दंडकात मरणाला मनाई आहे, भयाला नाही. भयाला तर स्थायीभावाचं, म्हणजे रसाच्या मुळाशी असणाऱ्या भावाचं, आसन दिलंय. कंप, घाम, तुटणारा आवाज, उतरलेला चेहरा, सगळ्याची यादी दिली आहे. प्रहार पडद्यामागे ठेवा आणि थरथर पुढे आणा, असा तो हिशेब दिसतो. आपण आज बरोबर उलटं करतो आहोत.

स्पेनमध्ये गोया या चित्रकाराने हाच हिशेब ब्रशने मांडला. २ मे १८०८ रोजी माद्रिदची माणसं नेपोलियनच्या फौजेविरुद्ध रस्त्यावर आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत फ्रेंचांनी सापडतील त्यांना गोळ्या घातल्या. गोयाने ते चित्र १८१४ मध्ये रंगवलं. आज ते प्रादो संग्रहालयात आहे. उजवीकडे बंदुका रोखलेल्या शिपायांची रांग. एकाचाही चेहरा दिसत नाही, नुसत्या पाठी. जमिनीवर एक चौकोनी कंदील. त्याचा सगळा उजेड पांढरा सदरा घातलेल्या, गुडघ्यांवर बसून दोन्ही हात फेकल्यासारखे वर केलेल्या माणसावर. डावीकडे आधीच पडलेली प्रेतं आणि रक्त आहेच, गोयाने ते लपवलेलं नाही. पण नजर तिथे थांबत नाही. ती त्या सदऱ्यावर जाते आणि त्याच्या मागे पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या रांगेवर. त्या रांगेतल्या एकाने हातांनी तोंड झाकून घेतलंय.

त्याच युद्धावर गोयाने छापचित्रांची एक मालिका कोरली. तो १८२८ मध्ये गेला आणि ती छापून यायला १८६३ साल उजाडलं. त्यात छिन्नविच्छिन्न देह आहेत, झाडाला टांगलेले तुकडे आहेत; पोट ढवळून निघेल असं बरंच आहे. पण मला त्यातली दोन चित्रं सोडत नाहीत. एकाखाली त्याने लिहिलंय, ‘हे बघवत नाही’. चित्रात बायका, पुरुष, मुलं गुडघ्यांवर आहेत, विनवताहेत, तोंडं झाकताहेत, आणि उजव्या कडेवरून संगिनींची फक्त टोकं आत आली आहेत. मारणारे चौकटीत नाहीतच. दुसऱ्याखाली लिहिलंय, ‘मी हे पाहिलं’. एवढ्या मोठ्या मालिकेत साक्षीदाराची सही त्याने कशावर केली असेल? एकही प्रेत नसलेल्या चित्रावर. त्यात लोक गाव सोडून पळताहेत आणि एक आई मुलाला ओढते आहे, बस्स.

आता आपल्याकडे या. मराठीत भीतीसाठी शब्दांची ददात नाही. बोबडी वळते, पाचावर धारण बसते, तोंडचं पाणी पळतं, काळजाचं पाणी होतं, हातपाय गळतात, गाळण उडते. सगळं अंगातलं, आणि बरंचसं पाण्याचं. पण हे वाक्प्रचार आपण वापरतो कसे ते बघा. शत्रूची गाळण उडते, आमची कधी नाही. बोबडी वळते ती विनोदी पात्राची. घाबरणाऱ्या मुलाला भित्रा भागूबाई म्हणतात, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो, म्हणजे चूक पुन्हा भित्याचीच. पोवाड्यावर वाढलेल्या भाषेत भीती ही दुसऱ्याची नाचक्की असते. ती आपल्या माणसाला बहाल करायला आपला हात धजत नाही.

म्हणूनच ऐतिहासिक सिनेमात आपला वीर मरणासमोर कधी भीत नाही. त्याचे हाल दहा-दहा मिनिटं दाखवतील, कातडीचा प्रत्येक ओरखडा जवळून दाखवतील, पण डोळ्यांत एक क्षणही ‘आता काय होईल’ असं दिसू देणार नाहीत. हे महाराष्ट्रात बोलणं सोपं नाही, मला कल्पना आहे. तरीही बोलतो. ज्याला भीती वाटतच नाही त्याच्या धैर्याचं कौतुक ते काय करायचं? शरीराने थरथरून, ओठ कोरडे पडूनही जो नाही म्हणतो, त्याचं ‘नाही’ मोठं. वीराची भीती काढून घेतली की त्याच्या हातात उरतं फक्त सहन करणारं मांस, आणि मग ते मांस दाखवण्यातच कॅमेरा रमतो. थिएटरातून बाहेर पडताना आपण त्याच्या मरणावर नव्हे, त्याच्या जखमांवर बोलत असतो.

याला मराठीत एक ठसठशीत अपवाद आहे आणि तो कुठल्याही लेखकाने लिहिलेला नाही. ‘काका, मला वाचवा!’

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवा नुकताच अठरा वर्षांचा झालेला. गारद्यांची, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांची, पगाराची बोंब होती आणि काही शिजतंय याची कुणकुणही लागली होती. इतिहासकार सांगतात, की नारायणरावाने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं आणि हरिपंत आधी जेवायला गेले. दुपारी सुमेरसिंग गारदी माणसं घेऊन वाड्यात घुसला. नारायणराव जीव घेऊन काकांकडे, रघुनाथरावांकडे धावला. चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्याच्या अंगावर पडला, तोही कापला गेला. ‘ध’चा ‘मा’ कुणी केला यावर आपण अडीचशे वर्षं वाद घालतोय. रामशास्त्र्यांनी दोष थेट रघुनाथरावांच्या पदरात टाकला, हे सगळ्यांना पाठ आहे. पुढे १८२८ च्या आगीत वाडा जळाला. आज शनिवारवाड्यात तट आहे, दरवाजे आहेत आणि इमारतींची जोती आहेत. ती खोली नाही, ते दालन नाही.

राहिली ती तीन शब्दांची हाक. ती त्याने अगदी याच शब्दांत मारली का, हे सिद्ध करता येणार नाही, आणि त्याने फारसं बिघडतही नाही. लोकांच्या आठवणीने काय निवडलं ते बघण्यासारखं आहे. तलवार किती वेळा चालली हे निवडलं नाही. सुमेरसिंगाचा चेहरा निवडला नाही. पेशव्याने मरताना काही बाणेदार उद्गार काढले असंही रचलं नाही, आणि रचणं किती सोपं होतं! एका राज्याचा धनी, मराठी दौलतीचा पेशवा, आणि जनतेने त्याच्या तोंडी ठेवली लहान मुलाची हाक. त्यात पद नाही, किताब नाही. नातं आहे, आणि ज्याच्याकडे मागणं आहे तोच आत सामील असावा ही शंका आहे. ‘काका’ हा शब्द इथे त्या अर्धवट चावलेल्या गवतासारखा आहे. घासाची जागा नात्याने घेतली आहे.

मग आपण काय केलं? त्या हाकेचं भूत केलं. अमावास्येला म्हणा, पौर्णिमेला म्हणा, वाड्यातून आवाज येतो. आता तर ‘भुताटकीची ठिकाणं’ असल्या याद्यांमध्ये शनिवारवाडा अग्रभागी असतो आणि रात्री दरवाज्याबाहेर मोबाइल धरून उभी राहणारी हौशी पोरं मी स्वतः पाहिली आहेत. त्याची भीती गेली आणि आपली आली; तीही गुदगुल्या करणारी. आता तो घाबरत नाही, घाबरवतो. भयपटांचं बहुतेक दुकान याच उलटापालटीवर चालतं.

भीती आतून माहीत असलेल्या एका लेखकाचं नाव इथे टाळता येत नाही. २२ डिसेंबर १८४९ रोजी पीटर्सबर्गच्या सेम्योनोव्स्की मैदानात दस्तयेव्हस्कीला गोळ्या घालण्यासाठी उभं केलं होतं. तिघा-तिघांच्या तुकड्या होत्या, पहिले तिघे खांबांना बांधले गेले होते, हा दुसऱ्या तुकडीत. शेवटच्या क्षणी झारची माफी वाचून दाखवण्यात आली. सगळा बनाव आधीच ठरलेला होता. त्या तिघांतल्या एकाचं डोकं कायमचं फिरलं. जवळपास वीस वर्षांनी ‘इडियट’ या कादंबरीत त्याने तो अनुभव एका पात्राच्या तोंडून सांगितला, आणि सांगितला कसा, तर चक्क हिशेब करून. पाच मिनिटं उरली आहेत. दोन मिनिटं सोबत्यांचा निरोप घ्यायला, दोन स्वतःविषयी विचार करायला, उरलेलं शेवटचं आजूबाजूला बघून घ्यायला. जवळच्या चर्चचं सोनेरी छत उन्हात चमकतंय आणि त्यावरून नजर हलत नाही. किंकाळी नाही, रक्त नाही. घरखर्चाच्या वहीसारखी मिनिटांची वाटणी. ती वाचताना माझ्या हाताला घाम आला होता, तेवढा कुठल्याही भयपटाने आणलेला नाही.

आणि आपल्या मुंबईचे चित्रकार तय्यब मेहता. १९४७ च्या दंग्यात मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून तरुण तय्यबनी एका माणसाला जमावाने दगडांनी ठेचून मारताना पाहिलं. त्यानंतर ते तापाने फणफणले. तो माणूस आयुष्यभर डोळ्यांसमोरून गेला नाही, असं त्यांनी सांगून ठेवलंय. आता त्यांची चित्रं आठवा. दंगा कुठे आहे? दगड कुठे आहेत? सपाट, शांत रंग. कोसळणारा एक देह, ज्याला खाली जमीनच दिलेली नाही. आणि पुन्हा पुन्हा येणारा, पाय बांधलेला बैल. तो मेलेला नाही. बांधलेला आहे, म्हणजे मारणार आहेत. १९७० च्या ‘कूडल’ या छोट्या चित्रपटासाठी ते वांद्र्याच्या कत्तलखान्यापर्यंत गेले, तेही त्याच बैलाच्या मागावर. खिडकीतून पाहिलेल्या त्या एका माणसाचं नाव, धर्म, कपडे काहीच त्यांनी कॅनव्हासवर येऊ दिलं नाही, म्हणून तो बैल मोहम्मद अली रोडचा राहिला नाही. २०२५ मध्ये त्यांचं बांधलेल्या बैलाचं एक चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाखांना गेलं. कुणाच्या दिवाणखान्यात लागलं असेल कोण जाणे. त्याच्यासमोर बसून माणसं जेवत असतील का, हा प्रश्न मला उगाच पडतो.

आता त्या क्लिपकडे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. माणसं मंगळवेढ्याकडची होती. मारहाणीचे व्हिडिओ राज्यभर फिरले. माझ्याकडेही एक आला, नात्यातल्या ग्रुपवर, सुविचार आणि वाढदिवसाच्या मधोमध. मी तो अर्धा मिनिट पाहिला. ‘पाहायला नको होता’ असं म्हणणं आता फुकाचं आहे. मी तो पाहिला.

त्या अर्ध्या मिनिटात भीती होती. कुठल्याही चित्राहून खरी होती. मग गोयाचं चित्र बघणं चांगलं आणि ही क्लिप बघणं वाईट, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? वर अभिनवगुप्ताचं नाव घेतलं ते यासाठी. क्लिपमधली भीती एका माणसाच्या मालकीची होती. त्याने ती मला दिलेली नव्हती. तिच्यात मी शिरू शकत नव्हतो, तिला फक्त बघू शकत होतो, आणि बघायची जागाही एकच होती: फोन धरणारा जिथे उभा होता ती, जमावातली. गोयाने शिपायांना पाठमोरं केलं आणि कंदील त्या सदऱ्यासमोर ठेवला. राईनपाड्यात चित्रीकरण शिपायांच्या रांगेतून झालं होतं. आणि त्यात गवत नव्हतं. ती माणसं सकाळी कुठून निघाली, झोळीत काय जमलं होतं, घरी पोरांना काय सांगून आली होती, यातलं काही त्या चौकटीत येणं शक्यच नव्हतं. ते आणायला कुणीतरी लिहावं लागतं, रंगवावं लागतं, मेहनत करावी लागते.

म्हणून सार्वजनिक नियमांविषयी माझी मतं दोन टोकांना जातात, आणि मित्र म्हणतात तुझं काही जुळत नाही. खऱ्या माणसाच्या खऱ्या मरणभीतीचं चित्रण पोलिसांनी आणि न्यायालयाने बघावं, बाकी कुणी बघू नये, फिरवू नये. वृत्तवाहिन्यांनी तर नाहीच. चेहरा धूसर करून, लाल वर्तुळ काढून, मागे ढोल वाजवून तेच पंधरा सेकंद दिवसभर फिरवणं हा सगळ्यात ओंगळ प्रकार आहे. धूसर केल्याने माणूस पुसला जातो आणि प्रहार तेवढा स्वच्छ दिसत राहतो. याबाबत मी कडक कायद्याच्या बाजूने आहे.

रचलेल्या कलेबाबत मात्र एक सेकंदही कापू नये. वय सांगा आणि बाजूला व्हा. २०२४ च्या नियमांनी सिनेमाच्या यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघण्याच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे पाडले, ते शहाणपणाचं झालं. पण कात्री अजून टेबलावरच आहे. गंमत म्हणजे १९९१ ची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं काढून वाचली तर त्यांत निरर्थक, टाळता येण्याजोगी, केवळ करमणुकीसाठीची, माणसाला बधिर करणारी हिंसा नको असं म्हटलंय. विचार वाईट नाही. पण बधिरपणा कात्रीने कसा कापणार? मारामारीचं दृश्य निम्म्यावर आणा म्हटलं की साठांऐवजी तीस माणसं न घाबरता मरतात. उलट एखाद्या दिग्दर्शकाने मरणाऱ्याचा चेहरा लांबवला, त्याची थरथर धरून ठेवली, तर तेच दृश्य ‘विचलित करणारं’ म्हणून आधी छाटलं जातं. विचलित करणारं म्हणजे काम करणारं, असं कुणाच्या ध्यानात येत नाही.

मराठी सिनेमाला हे जमत नाही असं नाही. ‘सैराट’चा शेवट २०१६ मध्ये अवघ्या महाराष्ट्राने पाहिला. माहेरची माणसं येतात, आर्ची हरखते, चहा ठेवते. भाऊ बसलाय, कप हातात आहेत. मारताना कुणी दाखवलं नाही. पुढे दिसतात ते पडलेले देह, आवाज बंद झालेला पडदा आणि लहानग्याची लाल पावलं. सगळे त्या पावलांविषयी बोलतात. माझ्या मते खरी कारागिरी चहात आहे. घाबरायला हवं होतं तिने, आणि घाबरून बसतो आपण, कारण तिला ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे. मी पाहिला त्या खेळाला मागच्या रांगेतली एक बाई पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाली होती, ‘अगं, नको देऊस गं त्यांना चहा.’ तिने काही समीक्षा वाचली नसेल. पण त्या क्षणी ती भीती आर्चीची नव्हती, त्या बाईची नव्हती, आणि दोघींचीही होती.

यावर एक आक्षेप मला खरंच अडवतो. ज्यांच्या घरात असं मरण झालंय, त्यांनी हे का बघावं? जातीसाठी मुलगी मारल्याच्या बातम्या इथे अजून येतात. त्या घरच्या बहिणीने हा चहा पडद्यावर बघावा का? माझ्याकडे उत्तर नाही. तिला न बघण्याचा पूर्ण हक्क आहे. एवढंच म्हणेन, की तिला पुढच्या पडद्यावरचे न घाबरता मरणारे साठ जणही बघवणार नाहीत, आणि त्यांच्याविषयी मात्र कुणी तिला विचारत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन शनिवारवाड्यात गेलो होतो. एका घोळक्यामागे आम्हीही चालत राहिलो. घोळक्याचा गाइड रंगात आला होता. नारायण दरवाजा दाखवून झाला, हाक मारून दाखवली, तीही चांगली घोगरी, आणि दोन-तीन जण हसले. भाचा नऊ वर्षांचा आहे. त्याने भूत खरं का वगैरे विचारलं नाही. त्याने विचारलं, ‘काकांनी दार उघडलं का?’

गाइड म्हणाला, ‘तो मोठा इतिहास आहे, बाळा,’ आणि घोळक्याला घेऊन सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याकडे वळला.